मफिनला जाळी का पडते?

इंग्लिश मफिन म्हणजे यीस्टने आंबवलेल्या गव्हाच्या पिठाचा, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेला चपटा पाव. व्यास आठ-नऊ सेंटिमीटर, जाडी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, वरखाली तपकिरी सपाट पृष्ठभाग, त्यावर रव्याचे कण आणि कडेने सभोवार फिकट पांढरा पट्टा. कागदी वाटीत भाजलेला, बेकिंग पावडरने फुगलेला गोड मफिन हा केकच्या कुळातला. त्याचा विचार येथे नाही.

या पावाचे सारे वैशिष्ट्य आतल्या जाळीत आहे. लहानमोठी, वेडीवाकडी भोके. फोडल्यावर दिसणारा खडबडीत पृष्ठभाग. भाजला की उंचवट्यांवर येणारा कुरकुरीतपणा आणि खळग्यांत मुरणारे लोणी. ही जाळी कोणत्याही खास घटकातून येत नाही. पिठातले पाणी, आंबायला दिलेला वेळ आणि एका वेळी एकाच बाजूने लागणारी मंद आच यांतून ती घडते, आणि त्यातही पाणी पहिले. घरचे मफिन फसतात ते बहुधा एकाच कारणाने: पीठ हाताला चिकटते म्हणून मळताना मूठभर मैदा जास्त टाकला जातो. आंबवणे, गार करणे, रव्यावर थापणे या पुढच्या साऱ्या क्रिया सैल पीठ आटोक्यात ठेवण्याच्या युक्त्या आहेत, असे मानून चालले की कृतीतली प्रत्येक पायरी आपोआप उलगडते.

जाळीचे महत्त्व जुन्या इंग्रज स्वयंपाकिणींना पुरते ठाऊक होते. हॅना ग्लास या लेखिकेच्या १७४७ साली लंडनमध्ये निघालेल्या पाकपुस्तकात मफिनची कृती आहे. मफिन शेकून हाताने उघडावा, आत मधाच्या पोळ्यासारखी रचना दिसेल, सुरी मात्र लावू नये, नाहीतर तो शिशासारखा जड होईल, असा तिचा सांगावा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात डोक्यावर पाट घेऊन घंटा वाजवत जाणारा मफिनवाला हे लंडनच्या रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य झाले. डिकन्सच्या ‘निकोलस निकल्बी’च्या सुरुवातीलाच मफिन भाजून घरपोच देणारी एक भव्य कंपनी काढण्याचा बेत रंगतो, इतका हा पदार्थ लोकांच्या ओळखीचा होता. इंग्लंडमधल्या प्लिमथचा सॅम्युअल बाथ थॉमस १८७४ साली न्यूयॉर्कला गेला आणि १८८० साली त्याने तेथे स्वतःची बेकरी काढली. आज अमेरिकेत ज्याला इंग्लिश मफिन म्हणतात त्याची ओळख मुख्यतः त्या बेकरीतून पसरली.

त्याच थॉमस नाममुद्रेवरून २०१० साली अमेरिकेत एक खटला गाजला. कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी प्रतिस्पर्ध्याकडे निघाला होता. मफिन बनवण्याची संपूर्ण माहिती असलेल्या मोजक्या सात जणांपैकी तो एक, म्हणून फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने त्याला तूर्त रोखणारा मनाई हुकूम कायम ठेवला. त्या वेळी पुढे आलेल्या माहितीत गुपिताचे भाग कोणते? कृती, पिठातल्या ओलाव्याचे प्रमाण, यंत्रे आणि भाजण्याची रीत. मसाला नाही, सुगंध नाही, कुठलाही दुर्मीळ पदार्थ नाही. ओलावा आणि आच. कारखान्याला ही दोन्ही गणिते लाखो नगांसाठी अचूक बसवावी लागतात म्हणून ते गुपित मोलाचे. घरी आठ नगांसाठी ती नजरेने आणि बोटाने बसवता येतात.

पाणी

बेकरीत सगळी प्रमाणे पिठाच्या वजनाशी तोलतात: पीठ शंभर, बाकीचे त्याच्या टक्क्यात. आपल्याकडच्या साध्या पावाच्या पिठात द्रव साठ-पासष्ट टक्के असतो. मफिनला तो ऐंशीच्या घरात लागतो. शंभराच्या वर गेले की पीठ राहत नाही, ओतण्याजोगे मिश्रण होते, आणि मग तयार होतो तो क्रम्पेट. त्याला रिंग लागते आणि त्याची भोके वरच्या अंगाला उघडतात.

घरासाठी मी हे प्रमाण धरतो: मैदा ३०० ग्रॅम, दूध १५० ग्रॅम, पाणी ९० ग्रॅम, लोणी १५ ग्रॅम, साखर ८ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम. सगळे मिळून ५७१ ग्रॅम. एकाहत्तर ग्रॅमचे आठ गोळे.

येथे द्रव २४० ग्रॅम, म्हणजे ऐंशी टक्के दिसतो, पण दूध म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. गाईच्या दुधात पाणी सुमारे ८७ टक्के, म्हशीच्या दुधात ८३ टक्क्यांच्या आसपास. गाईचे दूध वापरले तर खरे पाणी सुमारे २२० ग्रॅम होते, म्हणजे त्र्याहत्तर टक्के. म्हशीचे वापरले तर एकाहत्तर-बहात्तर. म्हशीच्या दुधात स्निग्धांशही जास्त. परदेशी पुस्तकातली कृती जशीच्या तशी करून पीठ घट्ट का झाले, याचे एक उत्तर महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत येथे सापडेल. अशा वेळी आठ-दहा ग्रॅम पाणी वाढवावे.

सैल पिठाने जाळी मोठी का होते, हे समजण्यासाठी बुडबुड्याकडे पाहू. यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही. पिठात बुडबुड्यांची सुरुवात मळताना कोंडल्या गेलेल्या हवेपासून होते, हे बेकर आणि माइझ या संशोधकांनी १९४१ साली दाखवून दिले. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो, पाणी संपृक्त झाले की त्या आयत्या बुडबुड्यांत शिरतो आणि ते फुगतात. लहान बुडबुड्यातला दाब मोठ्या बुडबुड्यातल्या दाबापेक्षा जास्त असतो. म्हणून वायू लहानातून मोठ्याकडे झिरपतो, लहान विरतात, मोठे वाढतात. पातळ भिंती फुटून शेजारचे बुडबुडे एकमेकांत मिसळतातही. पीठ घट्ट असेल तर भिंती जाड राहतात, ही उलथापालथ रेंगाळते आणि एकसारखी बारीक जाळी उरते. सँडविचच्या ब्रेडला तीच हवी असते. पीठ सैल असेल आणि वेळ भरपूर असेल तर मोठे-लहान भेद वाढत जातात. मफिनची वेडीवाकडी जाळी म्हणजे या असमान वाढीचा परिणाम. म्हणून आंबलेल्या पिठाला ठोसे मारून त्यातली हवा काढू नये. कमावलेली असमानता त्यात जाते.

घटकांबद्दल

मैद्यातले ग्लूटेन वायू धरून ठेवते. बाजारातल्या साध्या मैद्यात प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास असतात; मफिनसाठी तेवढी पुरतात, कारण हा पाव उंच चढायचा नसतो. चक्कीच्या कणकेचा मामला वेगळा. दगडाच्या घर्षणाने स्टार्चचे कण जास्त तुटतात आणि तुटलेला स्टार्च पाणी अधिक ओढतो. शिवाय कोंड्याचे कण बुडबुड्यांच्या भिंती कापतात. पाव हिस्सा कणीक घालून पाणी थोडे वाढवले तर चव सुधारते. निम्म्याच्या पुढे गेलात तर जाळी मिटते. पदार्थ रुचकर होईल, पण त्याला मफिन म्हणता येणार नाही.

दूध उकळून गार केलेले घ्यावे. कच्च्या दुधातली निवळीतली प्रथिने ग्लूटेनला दुबळे करतात. ऐंशी अंशांच्या वर तापले की त्यांचे रूप बदलते आणि तो त्रास मिटतो. जुन्या इंग्रजी कृतींत दूध तापवण्याची वेगळी पायरी असते ती यासाठी. आपल्या घरात दूध आल्या आल्या तापतेच, त्यामुळे ही पायरी आपसूक पार पडलेली असते. दुधातली लॅक्टोज ही साखर बेकरीच्या यीस्टला पचत नाही. ती शिल्लक राहते आणि तव्यावर पावाला रंग देते.

साखर यीस्टच्या खाद्यासाठी भरपूर लागते, हा समज मात्र सोडावा. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर पाव लिटरहून अधिक वायू देते. वरच्या प्रमाणातली आठ ग्रॅम साखर दोन लिटरांच्या पुढे जाईल, आणि पीठ तर अर्धा किलोच्या थोडे वर. याखेरीज पिठातला अमायलेज विकर स्टार्चपासून साखर बनवत असतोच. साखर जास्त झाली तर जाळी वाढत नाही. बाहेरून रंग लवकर चढतो आणि आतून पाव कच्चा राहतो. मीठ दोन टक्के हवे: ते यीस्टला आवरते, ग्लूटेनला ताण देते, आणि त्याच्याशिवाय चव सपाट लागते.

आंबवणे

सगळे घटक एकत्र करून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंत डावाने ढवळावे. पोळीच्या कणकेसारखे मळायला जाऊ नये. झाकून अर्धा तास ठेवले की पाणी पिठात मुरते आणि ग्लूटेनचे धागे न मळताही जुळू लागतात. मग हात ओला करून पिठाची एक कड उचलावी, ताणावी, मधोमध दुमडावी. असे चारही बाजूंनी. अर्ध्या तासाच्या अंतराने हे तीनदा केले की सुरुवातीला ओघळणारे पीठ अंग धरू लागते. पाणी तेवढेच असते, पण त्याला धरून ठेवणारी जाळी तयार झालेली असते. येथे धीर सुटला आणि मैदा घातला तर पुढचे सारे बदलते.

यीस्टचा वेग तापमानावर ठरतो. दहा अंश वाढले की आंबण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मुंबईत मे महिन्यात स्वयंपाकघर बत्तीस अंशांवर असते, पुण्यात डिसेंबरच्या रात्री ते अठरावर येते; दोन्हीकडे ‘दोन तास ठेवा’ ही सूचना निरर्थक. त्यापेक्षा पिठाचे तापमान साधावे. बेकरीतला साधा हिशेब असा: हवे असलेले तापमान तिप्पट करा, त्यातून पिठाचे आणि खोलीचे वजा करा, उरेल तेवढ्या अंशाचा द्रव घ्या. पीठ सव्वीस अंशांवर हवे आहे आणि मैदा, खोली दोन्ही बत्तीस, तर अठ्ठ्याहत्तर वजा चौसष्ट. दूध-पाणी मिळून चौदा अंश हवे. म्हणजे फ्रिजमधले, थोडे बाहेर काढून ठेवलेले.

तीन दुमडण्यांनंतर पीठ दीडपट झाले की झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास ठेवावे. या थंड मुक्कामाचे तीन उपयोग आहेत आणि तिन्ही वेगळ्या जातीचे. यीस्ट मंदावते, पण पिठातले विकर आणि जिवाणू सावकाश काम करत राहतात. आम्ल आणि सुवास वाढतो. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो आणि तव्यावर गेल्यावर तो एकदम बाहेर येतो. तिसरा उपयोग घरात सर्वांत मोलाचा: लोणी थिजते, पीठ ताठर होते, आणि जे पीठ काल हातातून सुटत नव्हते त्याचे आज गोळे वळता येतात. पाणी न कमी करता सैल पिठाला शिस्त लावण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आकार

ताटात बारीक रवा सढळ हाताने पसरावा. अमेरिकेत येथे मक्याचा भरड रवा वापरतात. आपल्याकडे दुकानात मिळणारे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे सत्त्व, ते येथे चालत नाही, ओलसर होऊन चिकटते. रव्याचे कण पिठाला तव्यापासून किंचित वर धरतात. वाफेला वाट मिळते, पीठ चिकटत नाही आणि टोस्ट करताना बाहेरची बाजू खरपूस होते.

थंड पिठाचे आठ भाग करावेत, तेलाच्या हाताने कडा खाली वळवून गोळे करावेत आणि रव्यावर दीड सेंटिमीटर जाडीला हलकेच दाबावेत. पोलपाट-लाटणे नको. सव्वा ते दीड तासात गोळे फुगतात. थंडीत जास्त वेळ लागतो. तेलाचे बोट दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरला की वेळ झाली. लगेच उसळला तर थांबावे, भरलाच नाही तर उशीर झाला आहे. प्रत्येक गोळा कागदाच्या छोट्या तुकड्यावर रवा टाकून फुगायला ठेवला तर उचलताना त्यातली हवा जात नाही. या प्रमाणाला रिंग लागत नाही. ऐंशीच्या बरेच पुढे गेलात तर लागेल.

तवा

येथे मफिन इतर पावांपासून वेगळा होतो. भट्टीत पावाला सर्व बाजूंनी आच लागते आणि कवच सगळीकडून बसते. तव्यावर आच फक्त खालून येते. गोळा ठेवल्यावर काही मिनिटांनी त्याच्या आत एकाच वेळी तीन अवस्था असतात. तळाशी तापमान साठ-सत्तरच्या पुढे गेलेले, स्टार्च शिजून फुललेला, प्रथिने घट्ट झालेली. त्याच्या वर पस्तीस-चाळीस अंशांचा पट्टा, जेथे यीस्ट जोरात काम करत असते. पंचावन्न-साठ अंशांना ते मरते, तोवर त्याला तेवढाच अवधी. आणि सर्वांत वर अजून कच्चे, लवचीक पीठ. मधल्या पट्ट्यातले बुडबुडे खाली वाढू शकत नाहीत, तेथे बसलेली भिंत आहे. ते वरच्या मऊ पिठात शिरतात आणि उभे लांबट होतात. निव्वळ तापल्याने वायू खोलीच्या तापमानापासून उकळबिंदूपर्यंत जेमतेम पाव हिश्शाने फुगतो. बाकीचा फुगवटा पाण्यात विरघळलेला वायू बाहेर पडल्याने, आणि अल्कोहोल व पाणी यांची वाफ झाल्याने येतो. सैल पिठात पाणी जास्त, म्हणून विरघळलेला वायूही जास्त आणि वाफही जास्त: पहिल्या दिवशी घेतलेला ओलाव्याचा निर्णय येथे फळाला येतो.

कोकणातल्या आंबोळीत हीच क्रिया पातळ मिश्रणात चालते, म्हणून बुडबुडे पृष्ठभागापर्यंत पोचून फुटतात आणि जाळी उघडी दिसते. मफिनमध्ये जाड पीठ त्यांना आत कोंडते. उलटल्यावर दुसरी बाजूही बसते आणि गाभा सर्वांत शेवटी शिजतो. बुडबुड्यांना एकत्र यायला तेथे सर्वांत जास्त वेळ मिळतो. मफिन मधोमध फोडायचा असतो, त्याला हेही कारण आहे.

यासाठी आच मंद हवी. तव्याचा पृष्ठभाग १६० अंशांच्या आसपास असावा. पोळीचा तवा यापेक्षा पुष्कळ तापलेला असतो. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब चुरचुरत पसरून आटला तर तवा ठीक. गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर तवा फार तापला आहे, थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आहे. आच कमी करून काही मिनिटे थांबावे. बिडाचा जाड तवा येथे उत्तम, कारण त्यात उष्णता साठते आणि चार थंड गोळे पडल्यावरही तो एकदम निवत नाही. पातळ नॉनस्टिक तव्यावर मध्यभागी डाग आणि कडेला कच्चेपणा असा अनुभव येतो. तोच वापरायचा असेल तर खाली दुसरा जुना तवा ठेवावा.

एका बाजूला सात-आठ मिनिटे. पहिली चार मिनिटे झाकण ठेवले तर वरची बाजू कोरडी पडून ताठरत नाही आणि फुगायला मोकळी राहते. नंतर झाकण काढावे, नाहीतर कोंडलेल्या वाफेने कवच लिबलिबीत होते. जाडीकडे लक्ष असू द्यावे: आतपर्यंत आच पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन सेंटिमीटरचा मफिन अडीच सेंटिमीटरचा केला तर वेळ दीडपटीहून जास्त लागतो. त्यामुळे एकाच खेपेतले गोळे सारख्या जाडीचे असणे सारख्या वजनाचे असण्यापेक्षा महत्त्वाचे. गाभा ९३ ते ९५ अंशांवर गेला की पाव शिजला. बाहेरून रंग आला आणि आत कच्चे राहिले तर १६० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटे ठेवावे. ओव्हन नसेल तर झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर तेवढाच वेळ काढावा.

कडेचा पांढरा पट्टा हा निदानाचा सर्वांत चांगला पुरावा. पट्टा रुंद आणि हाताला मऊ लागत असेल तर पीठ नीट आंबले होते आणि आचही मंद होती. अरुंद आणि दबलेला पट्टा म्हणजे गोळा पुरता फुगण्याआधी तव्यावर गेला किंवा उचलताना हवा गेली. कड चिरली असेल तर पीठ घट्ट होते किंवा फुगताना वरून सुकले होते. पट्ट्याखाली, तळाजवळ दडस ओलसर थर दिसला तर तवा सुरुवातीला फार तापलेला होता: कवच लवकर बसले आणि वाफ तेथेच अडकली.

फोडणे आणि ठेवणे

तव्यावरून उतरलेला मफिन जाळीच्या स्टँडवर निदान अर्धा तास निवू द्यावा. शिजलेला स्टार्च गरम असताना चिकट असतो. तेव्हा उघडला तर गाभा गोळा होतो. नंतर काट्याने पांढऱ्या पट्ट्यातून सभोवार टोचत जावे आणि दोन्ही हातांनी उकलावे. फाटताना पाव जेथे सर्वांत दुबळा तेथून फाटतो, म्हणजे मोठ्या भोकांतून, आणि त्यांच्या भिंती उभ्या राहतात. सुरी सरळ रेषेत चालते, भिंती दाबते आणि भोकांची तोंडे लिंपते. हॅना ग्लासचा सुरीवरचा रोष त्यामुळे शंभर टक्के योग्य ठरतो. फाटलेल्या अर्ध्याचा पृष्ठभाग कापलेल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. टोस्टरमध्ये त्याचे उंचवटे आधी तापून तपकिरी होतात आणि खळगे ओलसर राहतात. मफिन न शेकता खाणे म्हणजे अर्धी कृती सोडून देणे.

मफिन फ्रिजमध्ये ठेवू नये. पाव शिळा होतो तो केवळ सुकल्याने नव्हे. शिजलेला स्टार्च पुन्हा स्फटिकरूप होऊ लागतो आणि गाभा ताठरतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत जोरात चालते, गोठवल्यावर जवळपास थांबते. बाहेर ठेवायचा तर दमट हवेत, विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात, बुरशीचा धोका आहे. म्हणून त्या दिवशीचे आणि दुसऱ्या सकाळचे बाहेर ठेवून बाकीचे काट्याने टोचून अर्धवट उकलावेत आणि घट्ट पिशवीत फ्रीझरमध्ये टाकावेत. साठ अंशांच्या वर तापले की स्टार्चचे ते स्फटिक पुन्हा वितळतात, त्यामुळे गोठलेला मफिन बाहेर ठेवून वितळवायची गरज नाही. तसाच टोस्टरमध्ये किंवा तव्यावर झाकण ठेवून शेकावा, आणि लोणी तो गरम असतानाच लावावे.